थोरल्यांचं खाकरणं

सुटाच्या कापडाच्या त्या दुकानात पुढच्या काउंटरवर जे गृहस्थ उभे असत, त्यांना सगळे थोरले म्हणत. त्यांच्या शेजारी तागे उलगडायला आणि पुन्हा घड्या घालायला जे उभे असत, ते धाकटे. दोघांच्या वयात जेमतेम वर्षाचं अंतर, आणि उंचीने तर धाकटेच वीतभर जास्त. पण थोरले नोकरीला आधी लागले आणि धाकटे नंतर, एवढ्या भांडवलावर ही नावं पडली ती कायमची. घरची माणसंसुद्धा दुकानात फोन करून "थोरले आहेत का?" असंच विचारत.

तिसरे शिडीवाले. दुकानाच्या भिंती छतापर्यंत फळ्यांनी भरलेल्या होत्या आणि सगळ्यात वरच्या फळीवर सगळ्यात भारी कापड असे. लाकडी शिडीवर चढून ते खाली आणायचं, हे त्यांचं काम. त्यांचे गुडघे कुरकुरत, शिडी कुरकुरे, आणि या दोन्हींचा आवाज झाकला जाईल इतक्या मोठ्याने ते स्वतः कुरकुरत.

या तिघांचा कारभार एका खुणेवर चाले. गिऱ्हाईक दारातून आत आलं की थोरले त्याला एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळत. बूट, कॉलर, हातातलं घड्याळ, चालण्याची ढब. मग ते हसून "या, बसा" म्हणत आणि गरज वाटली तर घसा खाकरत. एकदा खाकरले तर अर्थ असा, की हे घेणारं गिऱ्हाईक आहे, शिडी लावा आणि वरच्या फळीवरचं काढा. दोनदा खाकरले तर हे नुसतं वेळ घालवायला आलेलं आहे, हळूहळू आवरायला घ्या. अजिबात खाकरले नाहीत तर मधल्या फळीवरचं दाखवा. मालकांच्या वडिलांनी ही पद्धत घालून दिली होती, कारण गिऱ्हाईकाच्या तोंडावर त्याची ऐपत बोलून दाखवणं त्यांना असभ्य वाटे. पाठीमागे खाकरण्यात त्यांना काही गैर वाटत नसे.

थोरल्यांच्या नजरेचा बाजारात दबदबा होता. समोरच्या चष्म्याच्या दुकानातले लोकही म्हणत, थोरल्यांनी एकदा पाहिलं की माणसाच्या खिशाचा एक्सरे निघतो. थोरले यावर फक्त जाकिटाची बटणं सारखी करत. हे जाकीट दुकानाच्याच कापडाचं, काउंटरवरच्या माणसाने घालायचंच असा नियम. थोरल्यांचं जाकीट बरंच जुनं होतं. ते शिवलं तेव्हा थोरल्यांना कंबर होती. आता तिथे पोट होतं, पण माप बदललं असं शिंप्याला सांगणं म्हणजे हार पत्करणं, म्हणून ते रोज सकाळी श्वास आत ओढून बटणं लावत आणि संध्याकाळपर्यंत तो पूर्ण सोडत नसत.

सगळं असं बरं चाललेलं असताना मालक थकले आणि दुकान त्यांच्या मुलीच्या हातात आलं. तिला सगळे ताई म्हणत. ताई हुशार होती, बोलायला गोड होती आणि तिला मोकळी जागा फार आवडे. पहिल्याच आठवड्यात तिने सांगितलं की पुढे फार गर्दी होते आहे, काउंटरवर दोन माणसांची गरज नाही. हा हंगाम संपला की एकानेच पुढे राहायचं आणि दुसऱ्याने मागे गोदामात जायचं.

गोदाम म्हणजे एक लांबट खोली. खिडकी नाही, एक दिवा, आणि दिवसभर ताग्यांना चिठ्ठ्या चिकटवणं. मागे गेलेला माणूस पुन्हा पुढे आल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. थोरल्यांची सारी उमर गिऱ्हाईकाला "या, बसा" म्हणण्यात गेलेली. गोदामात कोणाला म्हणणार, "या, बसा"? ताग्याला?

आणि नेमका याच वेळी त्यांचा घसा त्यांचं ऐकेनासा झाला.

सुरुवात साधी होती. सकाळी उठलं की आवाज घोगरा यायचा. मग घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटायचं. गिळलं तरी जायचं नाही, खाकरलं तरी निघायचं नाही, पण खाकरल्याशिवाय राहवायचंही नाही. थोरल्यांनी ठरवून टाकलं की ही कापडाची धूळ. धुळीवर उपाय म्हणून ते पेपरमिंटच्या गोळ्या चघळू लागले. आधी एखादी, मग येता-जाता. तोंड थंडगार व्हायचं आणि जरा बरं वाटायचं. थोड्या वेळाने घसा पुन्हा खवखवायचा, की पुन्हा गोळी.

बाकी दिनक्रम नेहमीचा. गर्दी ओसरली की दुपारचं जेवण, तेही आगगाडी चुकणार असल्यासारखं. तळलेले बटाटे त्यांना प्रिय आणि बायको डब्यात भरभरून देई. त्यावर कडक कॉफी. आणि मग ताग्यांच्या गठ्ठ्यावर पाठ टेकून, जाकिटाची बटणं न सोडता, एक डुलकी. या डुलकीत कधी तोंडात आंबट पाणी यायचं आणि ते दचकून जागे व्हायचे. बटाटे जुन्या तेलात तळले असणार, असा निष्कर्ष ते मनातल्या मनात काढत. तो बायकोसमोर मांडण्याचं धैर्य त्यांना झालं नाही.

घसा असा आपल्या मर्जीने खाकरू लागल्यावर दुकानात काय व्हायचं ते झालं. एक बाई रुमालाला कापड आहे का विचारायला आल्या. थोरल्यांना खाकर आली. शिडीवाल्यांनी शिडी लावली आणि सगळ्यात भारी लोकरीचा तागा छातीशी धरून खाली उतरले. बाई घाबरून गेल्या. एक शाळामास्तर पाऊस थांबेपर्यंत आडोशाला उभे होते, त्यांच्यासमोर तीन तागे उलगडले गेले. संध्याकाळपर्यंत शिडीवाल्यांचे गुडघे सुजले.

"काय हो," ते पायरीवर बसून म्हणाले, "आज सगळं गावच श्रीमंत झालंय का?"

थोरल्यांनी एक पेपरमिंट तोंडात टाकली. घशाला काहीतरी झालंय असं कबूल केलं तर ताईच्या कानावर जाणार. काउंटरवर कोणाला ठेवायचं याचा निकाल लागायचा होता, आणि जो घसा ताब्यात नाही तो काउंटरवर काय कामाचा? ते गंभीर चेहऱ्याने म्हणाले, की दिवस बदललेत, हल्ली कपड्यांवरून माणूस कळत नाही.

नशीब असं, की दुसऱ्याच दिवशी हे वाक्य खरं ठरलं. धुळीने माखलेल्या चपला घातलेला एक इसम आला आणि वाद्याच्या पेटीला आतून लावायला एखादा तुकडा मिळेल का, म्हणून चौकशी करू लागला. थोरल्यांच्या जुन्या हिशेबाने ही सरळ दोन खाकरण्यांची केस. पण घसा एकदाच खाकरला आणि थांबला. शिडीवाले शिव्या गिळत वर चढले. वरचा तागा उलगडला तसा तो इसम पेटी विसरला. तो होता बँडमास्तर. त्याच्या पथकाला नवे कोट शिवायचे होते आणि कुठे शिवायचे हे ठरत नव्हतं. त्याने कापडावरून हात फिरवला, पुन्हा फिरवला, आणि सनईवाल्यापासून ढोलवाल्यापर्यंत सगळ्यांसाठी तोच तागा घेऊन गेला.

ताई केबिनमधून बाहेर आली. "काका, तुम्हाला कसं कळलं हो? मी तर त्याला सुटे तुकडे दाखवले असते."

थोरल्यांना खरं बोलायची संधी होती. त्यांनी ती जाकिटाची बटणं सारखी करण्यात घालवली. "नजर असते, ताई," ते म्हणाले.

त्या दिवसानंतर त्यांचा भाव असा वधारला की विचारू नका. ताईने दोनदा सगळ्यांसमोर बँडमास्तरची गोष्ट सांगितली. धाकट्यांचा चेहरा मात्र उतरला. गोदाम आता आपल्यालाच, हे त्यांनी ओळखलं आणि ते घरून एक उशी आणता येईल का याचा विचार करू लागले. थोरल्यांना वाईट वाटलं, पण काउंटरवर उभं राहून वाईट वाटून घेणं हे गोदामात बसून वाईट वाटून घेण्यापेक्षा केव्हाही चांगलं. घशाचा त्रास हा त्रास नसून वरदानच आहे, असं ते स्वतःला सांगू लागले.

मग छातीत जळायला लागलं.

एका गिऱ्हाईकाच्या पँटची लांबी बघायला ते जेवणानंतर लगेच वाकले आणि छातीच्या मधोमध असा जाळ उठला की हातातली टेप गळून पडली. गिऱ्हाईकाच्या बुटांकडे पाहत त्यांनी मनाशी म्हटलं, संपलं, हृदय. घरी ते कोणाला काही बोलले नाहीत. पण विम्याचे कागद कपाटाच्या कोणत्या कप्प्यात आहेत हे बायकोला आपणहून सांगितलं. गॅसचा नळ कसा बंद करायचा तेही दाखवलं, जो ती रोज बंद करत असे. जेवण छान झालंय असं म्हणाले. वरून तिच्या भावाची चौकशी केली.

बायकोने हातातलं भांडं खाली ठेवलं. "अहो, तुम्ही माझ्या भावाची चौकशी केलीत. काय होतंय ते आधी सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्यांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. थोरल्यांनी स्वच्छ शर्ट घातला होता, कारण हृदयविकार हा त्यांच्या मते भारदस्त आजार होता. डॉक्टरीणबाईंनी छातीत दुखतंय म्हटल्यावर वेळ न घालवता हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासायला दिलं आणि दुपारपर्यंत बसवून ठेवलं. छातीचं दुखणं आधी हृदयाचं नाही ना हे बघायचं, मग बाकीच्या गप्पा, असं त्या म्हणाल्या. सगळं बघून झाल्यावर त्यांनी सांगितलं की हृदय उत्तम आहे.

मग प्रश्न सुरू झाले. जळजळ जेवणानंतर होते का? वाकलं, आडवं झालं की वाढते का? तोंडात आंबट पाणी येतं का? सकाळी आवाज बसलेला असतो का? थोरले मान डोलवत गेले. घास अडकतो का, वजन आपोआप उतरलंय का, उलटीतून रक्त किंवा शौचाला काळं होतं का, असंही त्यांनी विचारलं आणि यातलं काहीच नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा सैल झाला. तसं काही असतं तर दुर्बीण घालून लगेच आतून बघायला लागलं असतं, आणि पुढे कधी तसं झालं तर एक दिवसही थांबायचं नाही, असं त्यांनी बजावलं.

आजार असा होता. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंचं एक कडं असतं. घास आला की ते उघडतं आणि खाली गेला की मिटतं. थोरल्यांचं कडं ढिलं पडलं होतं, त्यामुळे जठरातलं आम्ल उलटं वर येत होतं. जठराला त्या आम्लाची सवय असते, अन्ननलिकेला नसते, म्हणून जळजळ. आणि कधी ते अगदी घशापर्यंत चढतं. घसा तर फारच नाजूक. त्याला जराशी झळ लागली तरी तो सुजतो, मग गोळा अडकल्यासारखं वाटतं आणि माणूस उठता-बसता खाकरत राहतो.

"म्हणजे धूळ नाही?" थोरल्यांनी विचारलं.

धुळीचा काही संबंध नव्हता. पेपरमिंटचा मात्र होता, कारण तिने ते कडं आणखी सैल पडतं. तळलेल्याचा होता, कॉफीचा होता, पोटभर जेवून आडवं होण्याचा तर होताच. आणि हे पोट आवळणारं जाकीट, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे कोणी शिवलं? पोट असं खालून दाबलं की आतलं वरच येणार.

थोरल्यांना फार अपमान झाल्यासारखं वाटलं. हृदय घेऊन ते आत गेले होते आणि ढेकर घेऊन बाहेर आले होते. बायकोला इतका आनंद झाला की ती रस्ताभर त्यांच्यावर रागावली. घरी पोचल्यावर तिने बहिणीला, भावाला आणि थोरल्यांच्याच आत्याला फोन करून सांगितलं, की काही नाही हो, नुसतं पित्त वर चढतंय, मी उगाच देव पाण्यात घालून बसले होते. संध्याकाळपर्यंत सगळ्या नात्यागोत्यात थोरल्यांच्या जठराची बातमी पोचली होती.

डॉक्टरीणबाईंनी दिलेली आम्ल कमी करणारी गोळी रोज सकाळी खाण्याआधी अर्धा तास घ्यायची होती, न चुकता, काही आठवडे. जळजळ लवकर थांबेल, घसा मात्र वेळ घेईल, दोन-तीन महिने धीर धरा, असं त्यांना सांगितलं होतं. थोरल्यांच्या कानात यातलं एकच शिरलं: घसा बरा होईल. घसा बरा झाला की खाकरणं थांबणार. खाकरणं थांबलं की पुन्हा आपल्या स्वतःच्या नजरेवर काम आलं, आणि बँडमास्तरच्या वेळी ती नजर काय म्हणत होती हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. हंगाम संपेपर्यंत घशाने साथ द्यायला हवी होती. तेव्हा गोळी ते जळजळ झाली तरच घेत, आणि तीही जेवण झाल्यावर. अशाने गुण येत नाही म्हणून डॉक्टरीणबाईंना नावं ठेवत. पेपरमिंट चालूच होती.

बायकोने मात्र आपल्या हातातलं सगळं चोख केलं. तळण बंद झालं. रात्रीचं जेवण दिवेलागणीलाच उरकू लागलं. पलंगाचं डोकं उंच करायला सांगितलं होतं, नुसत्या उशा चढवून नाही, कारण त्याने पोटच मुडपतं, तर उशाकडच्या पायांखाली ठोकळे लावून. तिने सुताराकडून ठोकळे आणले. पलंग चांगलाच तिरका झाला. रोज सकाळी दोघंही पायथ्याशी गोळा झालेली सापडत, चादरीसकट.

"या वयात घसरगुंडी," ती म्हणाली. "तुमच्या पोटापायी मला हेही बघायला मिळालं."

असे तीन आठवडे गेले. मग आले न्यायाधीश.

ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण दुकानात अजून त्यांच्यासाठी वेगळी खुर्ची निघे. दर हंगामात एक सूट, नेहमी वरच्या फळीवरचा, आणि शिडीवाले त्यांना पाहून न खाकरताच शिडीकडे वळत. त्या दिवशी दोन तागे समोर उलगडलेले होते आणि न्यायाधीश राखाडी आणि निळ्याच्या मध्ये विचार करत होते. थोरल्यांनी नुकतीच कॉफी घेतली होती. ते निळ्या ताग्याचं टोक उचलायला वाकले, आंबट पाणी घशाशी आलं, आणि ते खाकरले. लगेच पुन्हा खाकरले.

धाकट्यांनी क्षणभर डोळे विस्फारले. पण हुकूम तो हुकूम. त्यांनी राखाडी तागा गुंडाळायला घेतला. मग निळा. न्यायाधीशांचा हात अजून त्या निळ्या कापडावर होता, तो धाकट्यांनी अलगद बाजूला केला. न्यायाधीश काही वेळ रिकाम्या काउंटरकडे पाहत राहिले. मग उठले, छत्री घेतली आणि बाहेर पडले.

ताई केबिनमधून आली ती ओठ घट्ट मिटून. तिने धाकट्यांना विचारलं, हे काय केलंत?

"थोरले दोनदा खाकरले," धाकटे म्हणाले.

ताईने ऐकूनच घेतलं नाही. काका न्यायाधीशांना ओळखत नाहीत का? ज्या माणसाने बँडमास्तरला चपलांवरून ओळखलं तो न्यायाधीशांसमोर दोनदा खाकरेल? धाकट्यांचं लक्ष नव्हतं आणि आता ते दुसऱ्यावर ढकलतायत, असं तिचं मत झालं. हंगाम संपायची वाट बघायला नको, उद्यापासून त्यांनी मागे गोदामात जावं.

धाकट्यांनी थोरल्यांकडे पाहिलं. रागाने नाही. इतकी वर्षं शेजारी उभं राहिलेला माणूस आता काहीतरी म्हणेल, एवढंच त्या नजरेत होतं. मग त्यांनी काउंटरखालून आपला डबा काढला आणि रुमालात बांधू लागले.

थोरल्यांना हवं होतं ते सगळं मिळालं होतं. काउंटर त्यांचं होतं, एकट्याचं. फक्त गप्प बसायचं होतं. ते गप्प बसायला गेले आणि घशात पुन्हा तो गोळा आला. हा आम्लाचा की दुसरा कसला, ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

"ताई," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "धाकटे बरोबर सांगतायत. दोनदा झालं. पण मी नाही खाकरलो. घसा खाकरला."

मग सगळं बाहेर पडलं. जठर, कडं, आम्ल, पेपरमिंट. ताई काउंटरला टेकून ऐकत राहिली.

"आणि बँडमास्तर?"

"घसा."

"त्या रुमालवाल्या बाई?"

"घसाच."

ताईने हळूच विचारलं, की याआधीची इतकी वर्षं तरी नजर होती ना?

थोरले "होती" म्हणणार होते. तेवढ्यात शिडीच्या वरच्या पायरीवरून आवाज आला, "मला पहिल्यापासून शंका होती."

न्यायाधीशांकडे माफी मागायला थोरल्यांनीच जायचं, असं ठरलं. राखाडी आणि निळा, दोन्ही तागे खांद्यावर घेऊन ते गेले. न्यायाधीश दारातच उभे राहिले. थोरल्यांनी आपलं पोट कसं बिघडलंय ते पहिल्यापासून सांगितलं. न्यायाधीशांनी त्यांना आत बोलावलं, समोर बसवलं आणि उलटतपासणी सुरू केली.

"गोळी कधी घेता?"

"जेवण झाल्यावर."

"डॉक्टरांनी कधी सांगितली?"

"खाण्याआधी अर्धा तास."

"रोज?"

"जळजळ झाली की."

न्यायाधीशांनी खिशातून स्वतःची गोळ्यांची पाकिटं काढून टेबलावर ठेवली. त्यांनाही हेच होतं. न्यायासनावर बसून ते वर्षानुवर्षं खाकरले होते आणि वकिलांना वाटायचं, साहेब नाराज आहेत. कित्येकांनी त्या भीतीने आपला युक्तिवाद आटोपता घेतला. खटले त्यामुळे भराभर निकालात निघाले हे खरं, पण त्यात न्याय किती झाला हे ते खात्रीने सांगू शकत नव्हते. त्यांनी निळा तागा ठेवून घेतला आणि थोरल्यांना शिक्षा फर्मावली: गोळी सांगितल्याप्रमाणे, पेपरमिंट बंद, कॉफी बंद, जेवणानंतर तीन तास आडवं व्हायचं नाही आणि जाकीट सैल करून घ्यायचं.

थोरल्यांनी शिक्षा भोगली. शिंप्याने माप घेताना तोंडातून चकार शब्द काढला नाही, आणि हे थोरल्यांना फार लागलं. दुपारची डुलकी गेली. तिच्या जागी ते जेवल्यावर चष्म्याच्या दुकानापर्यंत चालत जाऊन परत येत. डबा आता दोन वेळा थोडा थोडा खात. छातीतला जाळ काही दिवसांतच विझला. घशाने मात्र अंत पाहिला. महिना झाला तरी तो सकाळी घोगराच होता, आणि डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तेच सांगितलं, धीर धरा, घसा सगळ्यात शेवटी येतो.

मधल्या काळात ताईने निकाल लावून टाकला होता. खाकरण्याची पद्धत रद्द. कोण घेणारा आणि कोण बघणारा, हे आपल्यापैकी कोणालाच कळत नाही हे सिद्ध झालंय, असं ती म्हणाली. वरच्या फळ्या तिने काढूनच टाकल्या आणि भारी कापड काउंटरच्या उंचीवर आणून ठेवलं, कोणीही हात लावून बघावं असं. मग पुढे जागाही मोकळी झाली आणि लोकांनी हाताळलेले तागे आवरायला दोन माणसांची गरजही उरली. शिडी गेली. गोदामात एका माणसाची गरज होतीच, तिथे शिडीवाले आपणहून गेले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना बसून काम मिळालं होतं. ते खिडकी नसलेल्या त्या खोलीत, एका दिव्याखाली, दोन्ही पाय समोरच्या स्टुलावर ठेवून चिठ्ठ्या चिकटवत आणि कोणी आत डोकावलं की म्हणत, दार लावून घ्या, उजेड येतो.

हंगामाच्या शेवटी एके सकाळी थोरले काउंटरवर उभे होते. घसा स्वच्छ होता. त्यांनी मुद्दाम आवंढा गिळून पाहिला. काहीच अडकलं नाही. दारातून एक जोडपं आत आलं. थोरल्यांची नजर सवयीने खाली गेली, बुटांवर, मग वर कॉलरवर. धाकटे सवयीने त्यांच्याकडे बघत राहिले. जोडपं अवघडून उभं राहिलं.

खुणेशिवाय पुढे काय करायचं असतं, हे थोरल्यांना आठवेना. आणि मग त्यांना कळलं की आठवणार कसं? ते त्यांनी कधी केलंच नव्हतं.

"या, बसा," ते म्हणाले. जरा थांबले. "काय बघायचंय तुम्हाला?"

जोडप्याने एकमेकांकडे पाहिलं. तसं नक्की काही ठरवलेलं नव्हतं, नवरा म्हणाला, नुसतं बघायला आलोय.

"हरकत नाही," थोरले म्हणाले आणि त्यांनी धाकट्यांना हाक मारली. "अहो, सगळंच उलगडा."